लाट जुळली, वारा नाई जुळला

१२ एप्रिल २००३, चंद्रपूर

सीडी आली! सरांनी डिपार्टमेंटमध्ये बोलावून हातात ठेवली अन म्हटलं, "रूही, हा घे तुझा समुद्र." मी तिथीच उडी मारली. लॅबमधले सगळे पाहून राह्यले होते. पाहू दे.

माझा समुद्र! मी तर समुद्र कधी पाह्यलाच नाई. चंद्रपूरहून जवळचा कोणता, हे पण मले नकाशावर पट्टी ठेवून पाहावं लागलं. बंगालच्या बाजूचा निघाला. मले वाटत होतं मुंबईचा.

काम असं आहे. वर दोन सॅटेलाइट फिरतात, एकाचं नाव जेसन, दुसऱ्याचं ईआरएस. दोघंही खाली पाण्यावर रडारचा ठोका मारतात अन परत काय येते ते पाहतात. लाटा उंच असल्या तर ठोका पसरट होऊन येते. वारा जोरात असून पाणी खरबरीत झालं असलं तर ठोका कमजोर येते. म्हणजे एकाच ठोक्यात लाटही समजते अन वाराही! आता हे दोघं एकाच जागेवरून, जवळपास एकाच वेळी गेले, तर एकच गोष्ट सांगतात का? एवढंच मले पाहायचं आहे, मागच्या वर्षीच्या डेटावरून.

गोव्याच्या एका संस्थेत या कामासाठी प्रोजेक्ट असिस्टंटची जागा आहे. एकच. सीडी तिथूनच आली. दहा जूनपर्यंत तुलनेचा रिपोर्ट पाठवायचा, चांगला असला तर फोनवर इंटरव्ह्यू. सर म्हणाले, मुंबई-पुण्याची पोरं पण करून राह्यली आहेत. करू दे. मले ती जागा पाहिजेच. घरी मात्र जागेचं काई सांगितलं नाई. फक्त 'लाटेचा प्रोजेक्ट आहे' म्हटलं. भेटली तर सांगीन, नाई भेटली तर रडणं तरी गुपचूप होईल.

(मराठीत लिहून राह्यली काऊन? माझी मैत्रीण साधना म्हणते, तुमचं कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी म्हणजे भाजी घेण्यापुरतं. घरी आम्ही हिंदी बोलतो, कॉलेजात इंग्लिश लिहितो. थांब साधनाबाई, तुले दाखवते.)

१९ एप्रिल

कॉलेजचा कॉम्प्युटर म्हणजे माणूस आजारी पडल्यावर जसा बोलते तसा चालते. एक फाईल उघडाले चहा पिऊन यावं लागते.

पण अल्लाचा शुक्र, नदीमभाई आहे. माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, पोरगा. जटपुरा गेटजवळ त्याचं सायबर कॅफे आहे, बाजूले एसटीडीची केबिन. त्यानं कोपऱ्यातला चांगलावाला कॉम्प्युटर मले देऊन टाकला, थेट कूलरच्या समोर. वरून बोर्ड लावला, 'बंद आहे'. म्हणजे कोणी दुसरं बसणार नाई.

"गिऱ्हाईक वापस जाते न नदीमभाई," मी म्हटलं.

"जाऊ दे. तुझं लाटेचं काम म्हणजे अख्ख्या चंद्रपूरचं काम आहे."

किती मोठं मन आहे! असं तर सर पण नाई म्हणत.

अम्मीचं एक समजत नाई. रोज माझ्या हातून त्याच्यासाठी डबा पाठवते अन म्हणते, त्यानं विचारलं तर तूच बनवलं म्हणून सांगशील. आज दालचा होता. त्यानं विचारलं, मी सांगितलं, अम्मीनं बनवला, मले तर दाल भिजवता पण येत नाई. तो हसत बसला. खोटं कायले बोलायचं?

३ मे

सेहेचाळीस डिग्री. अब्बांच्या दुकानात श्वास घेणं मुश्कील. आमचं कूलरचं दुकान आहे, त्यामुळं गर्मी म्हणजे आमची दिवाळी. अब्बा सकाळी आकाशाकडं पाहतात, ढग नसला की चेहरा खुलते.

दोन्ही सॅटेलाइटच्या फाईली सीडीतून काढल्या. हजारो ओळी! जागा, तारीख, टाइम, एच अन डब्ल्यू. पण तारखेचे रकाने सगळे वेडेवाकडे. नदीमभाई म्हणाला, "तू कायले डोळे फोडतं? मी सरळ करून ठेवतो."

दुपारी गेली तर एक फाईल तयार. दुसरी चालूच होती तर लाइट गेली. परत आल्यावर त्यानं घाईघाईत तिच्या तेवढ्या तारखाच सरळ करून सेव्ह केल्या. मी दोन्ही घेऊन आली. त्याचा अर्धा दिवस गेला माझ्यापायी.

११ मे

आज तर कमालच झाली! वर्गातला अजय एका लोकल पेपरले बातम्या देते. त्यानं न विचारता छापून टाकलं: 'चंद्रपूरची कन्या करते उपग्रहाद्वारे लाटेचा अभ्यास'. फोटो पण. फोटोत मी नववीतली वाटते.

सकाळी दुकानात वरोऱ्याचा एक कापूसवाला व्यापारी पंप बदलवायले आला होता. मले पाहून उठूनच उभा राह्यला.

"बाई, तुम्हीच त्या! आता सांगा, ही लाट कधी जाईल?"

"कोणती लाट?"

"अरे! माणसं करपून राह्यली अन कोणती लाट विचारते. गर्मीची!"

"माझी समुद्राची आहे काका."

"समुद्राची?" तो परत बसला. "मंग आमच्या काय कामाची?"

दुपारपर्यंत असे सहा-सात आले. एका बाईनं तर विचारलं, पोरीचं लग्न पंचवीसले धरलं आहे, मांडव घालू का हॉल घेऊ? अब्बा पहिल्यांदा सगळ्यांले समजावत होते. मंग थकले. शेवटी म्हणत होते, "माझी बेटी म्हणते, लाट जूनपर्यंत आहे. कूलर घेऊनच टाका."

"अब्बा!"

"मी खोटं कुठी बोललो? जूनपर्यंत राहतेच."

२० मे

ग्राफ निघाला. दोन्ही सॅटेलाइट एकाच जागेवरून अर्ध्या तासाच्या आत गेले असे सगळे जोड शोधले. आडव्या रेघेवर जेसन, उभ्या रेघेवर ईआरएस. दोघं जुळत असले तर सगळे ठिपके एका तिरप्या रेघेवर बसले पाहिजेत.

लाटांचे बसले! थोडे इकडं-तिकडं, पण बसले. मी टाळ्या वाजवल्या.

मंग वाऱ्याचा काढला. जसं काई कोणी मुरमुरे फेकले. जेसन म्हणते वारा जोरात, ईआरएस म्हणते हळू. कुठी उलटं. काईच धड नाई.

असं कसं? दोन्ही एकाच ठोक्यातून निघतात न?

२३ मे

सरांले दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वारा असा असला तर ते पुढचं पान उलटणार नाईत रूही."

"सर, जे ठिपके लांब आहेत ते काढून टाकले तर?"

"तू काढशील. मंग ते विचारतील काऊन काढले. काय सांगशील? मले आवडले नाई म्हणून?"

लाज वाटली. पण बरं झालं रागावले. पाऊस पडत असलेले जोड बाजूले काढून पाह्यले. किनाऱ्याजवळचे काढले. वाऱ्याचं सूत्र परत टाकलं. मुरमुरे ते मुरमुरेच.

मनात येऊन राह्यलं, समुद्र न पाह्यलेल्या पोरीनं समुद्राचं काम घ्यायलेच नको होतं. मुंबईची पोरगी खिडकीतून पाहूनच सांगत असंल काय चुकलं ते.

२६ मे, साधनाच्या गावी

साधना ओढूनच घेऊन आली. मूल गावाच्या पुढं तिचं गाव आहे, धानाचं. म्हणे, तू चार दिवस धड जेवली नाई, चल. अम्मीनं पण पाठवलं, फक्त नदीमभाईले सांगून जा म्हणाली. कायले? पण सांगितलं.

साधनाची आई गुणाबाई. मी पोचल्याबरोबर चारं अन तेंदूची पिकली टेंभरं समोर ठेवली. चारं म्हणजे ज्याच्या बीमधून चारोळी निघते ते फळ, हे मले आज समजलं! एवढी गोड. मी बी पण चावून राह्यली होती, तर सगळे हसले.

साधनाचे बाबा गुणवंतराव म्हणाले, "पोरी, तू समुद्राच्या लाटा मोजतं म्हणे. आमच्या तलावानं काय घोडं मारलं?"

"बाबा, सॅटेलाइट इथून जात नाई," साधना म्हणाली.

"त्यालेही एसटीसारखं फाट्यावरूनच जायची सवय दिसते."

संध्याकाळी तलावावर गेलो. गावच्या मानानं खूप मोठा, पलीकडचे लोक मुंगीएवढे दिसत होते. आम्ही पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलो अन वावधन आलं. धूळ, पानं, साधनाची ओढणी, सगळं उडालं. पाणी उठलं, काठाच्या दगडांवर फटाफट आपटाले लागलं. मी ओरडून साधनाले म्हटलं, ह्या पाहा माझ्या लाटा!

अन मंग वारा एकदम पडला. पान हलेना. आम्ही केसांतली माती काढून राह्यलो होतो. पण पाणी? पाणी आपटतच होतं. बराच वेळ. वारा केव्हाचा निघून गेला अन लाटांले अजून खबरच नाई!

मी उठून उभी राह्यली. तलावात हे एवढा वेळ टिकते तर समुद्रात? पुस्तकात वाचलं आहे, समुद्रातली मोठी लाट दिवसन् दिवस चालते. वारा तासाभरात बदलून जाते. मंग माझ्या ग्राफमध्ये लाटा जुळतात अन वारा नाई जुळत, म्हणजे सॅटेलाइट बरोबर आहेत! दोघांनी जागा एकच पाह्यली पण वेळ एक नाई. एक आधी आला, दुसरा खूप नंतर. माझे जोडच खोटे आहेत!

साधना म्हणाली, "काऊन अशी पाहून राह्यली? विंचू चावला का?"

उद्या पहिली एसटी.

२७ मे

बसस्टँडवरून घरी न जाता थेट कॅफे. सीडी टाकली, मूळ फाईल अन माझी फाईल बाजूबाजूले ठेवल्या. जेसन जसाचा तसा. ईआरएसमध्ये प्रत्येक ओळीत टाइम साडेपाच तास पुढं.

"नदीमभाई! या फाईलचा टाइम कोणी बदलवला?"

"मीच." एवढ्या खुशीत म्हणाला जसं बक्षीस भेटणार आहे. "तुले आता दिसलं का? त्यात लंडनचा टाइम होता. मी साडेपाच तास मिळवून आपला करून दिला. चंद्रपूरच्या लाटेले लंडनचा टाइम कायले पाहिजे?"

"चंद्रपूरची लाट?"

"मंग? एच म्हणजे हीट, डब्ल्यू म्हणजे विंड. मी काई अनपढ नाई."

"एच म्हणजे हाइट! लाटेची उंची! समुद्राच्या लाटेची!"

"समुंदर?"

"पेपरात आलं होतं न!"

"पेपरात लाट लिहिलं होतं. मे महिन्यात चंद्रपुरात लाट म्हणजे कोणती लाट असते, तूच सांग."

मे महिन्यात गर्मीचीच असते. पण मी लय चिडली. म्हटलं, दुसऱ्या फाईलले काऊन सोडलं, दोन्ही बिघडवायच्या होत्या न! (खरंच, दोन्ही बदलवल्या असत्या तर काईच बिघडलं नसतं.) तो म्हणाला, लाइट गेली होती, मंग तू घेऊनच गेली. मी म्हटलं, तुमच्यापायी माझी गोव्याची जागा जाईल.

"कोणती जागा?"

तेव्हा सगळं सांगितलं. एकच जागा आहे, दहा तारीख आहे, भेटली तर दोन वर्षं, पुढं पीएचडी पण तिथीच.

"समुद्राचं काम इथी बसून होत नाई का?"

"होत असतं तर जायची काय गरज होती?"

"अच्छा," म्हणाला. मंग बादली घेऊन कूलरमध्ये पाणी टाकाले लागला. कूलर भरलेलाच होता. पाणी टबावरून खाली, खालून वायरीकडं वाहून राह्यलं, त्याचं ध्यानच नाई. मी ओरडली तेव्हा बादली ठेवली. झालेल्या चुकीचा एवढा धक्का बसला बिचाऱ्याले.

मंग जवळ आला, म्हणाला, "सरक. साडेपाच तास वजा करायचे न? मी बिघडवलं, मीच करतो. तू एकेक ओळ तपास."

संध्याकाळपर्यंत दोघं बसलो. तो एक शब्द उलट बोलला नाई. मी एवढी ओरडली तरी. मले नंतर फार वाईट वाटलं. असा माणूस कोणाले भेटते?

३० मे

नवे जोड. पहिल्यापेक्षा कमी निघाले, पण खरे. लाटा तर अशा बसल्या जशा दोऱ्यात ओवल्या. अन वारा? वारा पण बसला!!

सरांनी ग्राफ उजेडात धरला. मी चुकीचा ग्राफ फाडून राह्यली होती तर माझा हात धरला. "हा कायले फाडते? हा सोनं आहे. त्याच समुद्राची साडेपाच तासांनंतरची गोष्ट आहे ही. लाट किती टिकली, वारा किती बदलला, तुझ्याजवळ आकड्यात आहे. रिपोर्टमध्ये टाक. कसं झालं ते पण लिही."

जी चूक मले बुडवणार होती ती रिपोर्टचा दुसरा भाग झाली. किती नशीब!

५ जून

घरी सांगितलं. अब्बा बराच वेळ पंपाचा पंखा फिरवत राह्यले. मंग म्हणाले, "समुद्राच्या बाजूले कूलर चालत नाई बेटा. हवाच ओली असते. राहशील कशी?" म्हणजे त्यांचं हो आहे.

अम्मी मात्र किचनमध्ये गेली. भांडी आपटत होती. एकदाच म्हणाली, "मैंने क्या-क्या सोचा था." काय सोचा था, विचारलं तर अजून एक पातेलं आपटलं.

संध्याकाळी नदीमभाई आला. सीधा किचनमध्ये गेला, अम्मीजवळ पाटावर बसला. दरवाजा लोटून घेतला होता. मले फक्त त्याचा शेवटचा शब्द ऐकू आला, "जाऊ द्या खाला. तिले जाऊ द्या." बाहेर आला तेव्हा अम्मीचे डोळे लाल होते. कांदा, म्हणाली. कांदा तर चिरलाच नव्हता.

पण मंग माझ्या डोक्यावर हात ठेवला अन म्हणाली, जा.

मले सख्खा भाऊ नाई, हे दुःख मले कधी वाटलंच नाई. कारण हेच. आज नमाजमध्ये त्याचं नाव सगळ्यांच्या आधी घेतलं.

९ जून

रिपोर्ट तयार. नदीमभाईनंच टाइप केला, स्पायरल केला. शेवटी आभाराचं पान. मी लिहून दिलं होतं: सर, अब्बा-अम्मी, साधना अन तिच्या घरचे, अन 'नदीम, ज्यांच्या चुकीमुळे या अभ्यासाचा दुसरा भाग सुचला आणि ज्यांच्यामुळे पहिला भाग पूर्ण झाला'. इंग्लिशमध्ये अजून छान वाटत होतं.

छापून आलं तर सगळे आहेत, तोच नाई.

"तुमचं नाव राह्यलं."

"राह्यलं वाटते. जागा नव्हती."

"अर्धं पान कोरं आहे!"

"प्रिंटरची शाई संपली आता."

कुरियरवाला उभा होता. मी पेनानं लिहून टाकलं, पूर्ण वाक्य. पान थोडं खराब दिसते. दिसू दे.

१९ जून

फोन आला! दुपारी, नदीमभाईच्या एसटीडी केबिनमध्ये. तिथलाच नंबर दिला होता. सर पण आले होते, बाहेर कॅफेत माझ्यापेक्षा जास्त घाबरून बसले होते. केबिनचा दरवाजा नीट लागत नाई, मी एका हातानं फोन अन एका हातानं दरवाजा धरून उभी.

दोन मॅडम होत्या. सगळं इंग्लिशमध्ये. रडारचा ठोका पसरट काऊन होते? सांगितलं. वारा वाढला की ठोका कमजोर काऊन? सांगितलं. वेळ चुकली आहे हे कशावरून ओळखलं? तलाव सांगितला, वावधन सांगितलं. वावधनले इंग्लिश शब्द सुचला नाई तर तसंच म्हटलं, त्यांनी दोनदा म्हणून पाह्यलं. एक मॅडम म्हणाल्या, मुंबई-पुण्याच्या सगळ्यांनी दोन्ही रेघा बरोबर काढल्या आहेत, पण साडेपाच तासांनंतरचा समुद्र फक्त तुझ्याजवळ आहे. मले रडूच येऊन राह्यलं होतं.

मंग त्यांनी शेवटचं पान उलटलं वाटते. "इथं एक नाव पेनानं लिहिलं आहे. हे कोण?"

"माय कझिन ब्रदर," मी म्हटलं.

तिकडं दोघी हसल्या. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, इंग्लिशमध्ये कझिन ब्रदर असं काई नसते. कझिन का ब्रदर?

आता पाहा. सगळ्या प्रश्नांची उत्तरं फटाफट दिली अन इथी येऊन अडकली. आपण तर नेहमीच कझिन ब्रदर म्हणतो, कॉन्व्हेंटमध्ये शिकवणाऱ्या सिस्टर पण म्हणायच्या. कझिन म्हटलं तर लांबचं वाटते, ब्रदर म्हटलं तर खोटं होईल. त्यांनी विचारलं, हॅलो, लाइन आहे का? दरवाजा तेवढ्यात हातातून सुटून उघडला.

"कझिन," मी म्हटलं. "ही इज नॉट माय ब्रदर."

मंग त्यांनी सांगितलं, पंधरा जुलैले हजर व्हा.

बाहेर आली तर सरांनी दोन्ही हात वर केले अन पेढे आणाले पळाले. चप्पल कॅफेतच राह्यली त्यांची. नदीमभाई काउंटरच्या मागं उभा होता, एक गिऱ्हाईक बिल मागून राह्यलं होतं तिकडं त्याचं ध्यानच नाई.

"भेटली?"

"भेटली!"

"अन ते शेवटी काय विचारत होते?"

"काई नाई. इंग्लिशची चूक काढली."

"तू काय सांगितलं?"

"कझिन."

तो हसला. हसला म्हणजे किती! गिऱ्हाइकाचे पैसे पण घेतले नाईत, वरून त्यालेच हात मिळवला. मी तर पाहतच राह्यली. जागा मले भेटली होती.